घोड्याचा केस आणि हरणीच्या चामखिळी

"कविता पुष्कळ आल्या आहेत, जरा माहिती देणारं काहीतरी लिही," असं अंकाच्या बैठकीत सरांनी मला सांगितलं. मला नीट माहिती असलेली गोष्ट एकच, आणि ती म्हणजे चामखिळी. विषय ऐकून मैत्रिणी हसल्या. हसू देत. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतून रोज बसने कॉलेजला येणाऱ्या आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी अजून गोठा आहे, आणि गोठा आहे तिथे आज ना उद्या हा विषय निघणारच.

गोष्ट २०२३च्या मे महिन्यातली. बारावीचा निकाल लागला होता. आमच्या गोठ्यात दोन पाड्या होत्या. हरणी चौदा महिन्यांची, जर्सी संकरित, आणि मोगरी तिच्याहून चार महिन्यांनी लहान. हरणीचा सौदा ठरला होता. आईच्या माहेराकडून, डिचोलीकडचे एक ओळखीचे गृहस्थ तिला २२ हजारांना न्यायला तयार होते. त्या २२ हजारांत बाबांनी माझी पहिल्या वर्षाची फी, बसचा पास आणि एक जुना लॅपटॉप असं सगळं बसवलं होतं.

एप्रिलमध्ये हरणीच्या मानेवर मिरीएवढा एक खडबडीत दाणा दिसला होता. कोणी लक्ष दिलं नाही. मे संपेपर्यंत मी मोजल्या, तेव्हा मान, गाल आणि खांदा मिळून सतरा चामखिळी होत्या. काही काजूच्या बीएवढ्या, करड्या, आणि जबड्याखाली एक तर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी लोंबत होती. डिचोलीचे गृहस्थ टेम्पो घेऊन आले, हरणीकडे बघितलं, चहासुद्धा न घेता म्हणाले, "ही लंपी आहे," आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेले.

त्यांना दोष देता येत नाही. आदल्याच वर्षी, २०२२ साली, राजस्थान, गुजरात, महाराष्ट्रात लंपीने हजारो गुरं मेली होती. टीव्हीवर गाठींनी भरलेल्या गाई सगळ्यांनी बघितल्या होत्या. संध्याकाळपर्यंत वाड्यावर बातमी फिरली आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे काका कुंपणापलीकडूनच म्हणाले, "तुमची गुरं काही दिवस पाण्यावर आणू नका हां." बाबा रात्री जेवले नाहीत.

सरकारी दवाखान्यातले पशुवैद्य दोन दिवसांनी आले. त्यांनी आधी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. मग गाठी न बघता हरणीचं तोंड, डोळे, पाय बघितले, कासेखाली हात घालून सड चाचपले, आणि मला विचारलं, "बाय, ही खाते काय नीट?" मी म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त खाते.

"मग ही लंपी नव्हे."

लंपी आणि चामखीळ यांतला फरक त्यांनी तिथेच उभं राहून सांगितला. तो मी जसाच्या तसा लिहिते, कारण त्या एका फरकावर जनावराची किंमत आणि घराची अब्रू दोन्ही अवलंबून असतात. लंपी हा देवीच्या विषाणूंच्या कुळातला रोग. त्यात ताप भरतो, डोळ्यांतून-नाकातून पाणी येतं, जनावर खाणं टाकतं, कधी पाय सुजतात, आणि गाठी थोड्या दिवसांत अंगभर उठतात. त्या गाठी कातडीच्या आतून वर आलेल्या, घट्ट, गोलसर असतात. माश्या, डास, गोचिडी हा रोग पसरवतात. चामखीळ सावकाश वाढते, आठवडे नि महिने घेते. ती कातडीच्या वरच उगवते, तिचा माथा खडबडीत आणि फुटलेला असतो, बऱ्याचदा तिला देठ असतो. ताप नाही, खाणं बंद नाही. जनावर आपल्याला काही झालंय हे विसरलेलं असतं. माणसंच घाबरतात.

"औषध काय?" बाबांनी विचारलं.

"वेळ," डॉक्टर म्हणाले. "तीन महिने, सहा महिने, क्वचित वर्ष. आपोआप गळतील."

बाबांना हे उत्तर आवडलं नाही. कॉलेजची फी जूनमध्ये भरायची असताना कोणाला आवडेल? आणि आजीला तर मुळीच आवडलं नाही. डॉक्टरांची मोटरसायकल वळणावर दिसेनाशी झाल्याबरोबर ती म्हणाली, "घोड्याचो केस बांधलो काय चामखीळ आपोआप पडता."

हा उपाय तुमच्याही घरी कोणीतरी सांगितला असेल. घोड्याच्या शेपटीचा केस चामखिळीच्या देठाभोवती आवळून बांधायचा. माणसांनाही बांधतात. प्रश्न होता घोडा आणायचा कुठून. आमच्या पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत घोडे म्हटले की शिगम्यातल्या घोडेमोडणीचे. कमरेला बांधलेला लाकडी घोडा, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार, मागे ढोल-ताशे. त्यांच्या केसांचा काय उपयोग? गंमत म्हणजे याच गोव्याच्या बंदरात सोळाव्या शतकात अरबस्तानातून आणि होर्मुझहून जहाजं भरून घोडे उतरत होते, विजयनगर आणि विजापूरच्या फौजांकडे जात होते, आणि त्यांच्यावरची जकात ही पोर्तुगीज सरकारची मोठी मिळकत होती. आम्हाला हवे होते फक्त चार केस. शेवटी बेळगावच्या मावशीने एका ओळखीच्या टांगेवाल्याकडून केस मिळवले आणि लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटात घालून बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दिले.

बांधले मी. हे कबूल केलंच पाहिजे. जबड्याखालच्या मोठ्या तुऱ्याला देठ होता, त्याला केस आवळला. हरणीने मान झटकली, पण तक्रार केली नाही.

या उपायात तसं जादूचं काही नाही. देठ आवळला की रक्त पोचत नाही, वरचा भाग काळा पडतो, सुकतो, गळतो. घोड्याचा केस बारीक, चिवट आणि न सैलावणारा असतो म्हणून तो निवडला असणार. दोऱ्यानेही तेच झालं असतं. देठ अगदी बारीक असेल तर जमतंही. आमच्याकडे देठ जाड होता. वरचं अर्धं मेलं, खालचं अर्धं जिवंत राहिलं, मधे ओली जखम झाली. तोवर जून संपत आला होता. पेडण्यातला जुलै म्हणजे ओला गोठा आणि माश्या. चौथ्या दिवशी हरणी मान खांबाला घासायला लागली, पाचव्या दिवशी वास आला. मी टॉर्च लावून बघितलं तर जखमेत किडे वळवळत होते.

ज्या दुखण्यात जनावराला काहीच होत नव्हतं, त्यात ते आता खरंच आजारी पडलं होतं, आणि ते माझ्या हाताने. डॉक्टर पुन्हा आले. किडे काढले, जखम धुतली, औषध मारलं, इंजेक्शन दिलं. सगळं होईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मग हात धुताना विचारलं, "केस कसला बांधला होता?"

"घोड्याचा."

तेव्हा मात्र ते हसले. "अगो बाय, घोड्यालाच चामखिळी येतात! शिंगराच्या तोंडावर. त्याला कोणाचा केस बांधणार?"

पुढचा अर्धा तास पाऊस थांबेना म्हणून ते पडवीत बसले, आणि आमच्या घरी पहिल्यांदाच शिंगरांबद्दल बोलणं झालं. नंतर मी वाचून त्यात भर घातली.

घोड्याच्या शिंगराला साधारण पहिल्या तीन वर्षांत, ओठ आणि नाकपुड्यांभोवती बारीक करड्या-गुलाबी चामखिळी येतात. कधी पाच-सहा, कधी मोजता येणार नाहीत इतक्या. डोळ्यांजवळ किंवा पायांवरही येतात. कारण पॅपिलोमा नावाचा विषाणू. घोड्यांचा वेगळा, गाईंचा वेगळा, माणसांचा वेगळा. तो धडधाकट कातडीतून आत शिरू शकत नाही, त्याला ओरखडा लागतो. शिंगरू नवीनच चरायला लागलेलं असतं, गवताची धसं आणि काटे नाकाला टोचतात, आणि चार शिंगरं एकाच बादलीत तोंड घालतात. म्हणून तोंडच. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, किंवा शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर तरुण जनावरं एकत्र वाढतात, अशा ठिकाणी एकाला झालं की बरोबरीच्या इतरांना होणं आश्चर्याचं नाही. उपाय? बहुतेक शिंगरांच्या चामखिळी तीन-चार महिन्यांत, फार तर नऊ महिन्यांत, काही न करता जातात आणि सहसा परत येत नाहीत. म्हातारी घोडी शेजारी बांधलेली असली तरी तिला सहसा होत नाहीत, कारण बहुधा तिने लहानपणीच ते भोगलेलं असतं.

घोड्याच्या कानाच्या आत पांढरट पापुद्रे येतात, तेही याच कुळातल्या विषाणूंमुळे. पण ते आपोआप जात नाहीत. त्रास नसेल तर त्यांच्या वाटेला जात नाहीत, कारण कानाला सारखा हात लावला की घोडा पुढे लगामसुद्धा चढवू देत नाही.

आणि तिसरा प्रकार ऐकून मी चकित झाले. सारकॉइड नावाची गाठ हा घोड्यांमधला जगभर सर्वांत जास्त आढळणारा कातडीचा ट्यूमर आहे, आणि त्याच्या मुळाशी सापडतो गाईच्या चामखिळीचा विषाणू. पॅपिलोमा विषाणू सहसा आपली जात सोडत नाहीत. गाईचा गाईत, घोड्याचा घोड्यात. गाईचे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे विषाणू हा नियम मोडतात आणि घोड्यात, गाढवात, खेचरात शिरतात. तिथे ते साधी, गळून जाणारी चामखीळ न करता चिवट गाठ करतात. अर्धवट कापली तर ती पहिल्यापेक्षा जोरात वाढू शकते. म्हणजे शिंगराच्या ओठावर मऊ दाणे दिसले तर थांबायचं, पण मोठ्या घोड्याच्या छातीवर, मांडीत किंवा जुन्या जखमेवर चामखिळीसारखं काही वाढत असेल तर केस, चुना, ब्लेड काही न लावता डॉक्टरला दाखवायचं.

हे ऐकून आईने लगेच माझ्या धाकट्या भावाचा हात पुढे केला. त्याच्या बोटावर वर्षभर एक चामखीळ होती आणि तो रोज हरणीला कुरवाळत होता. डॉक्टर म्हणाले, गाईची चामखीळ माणसाला होत नाही. भावाची चामखीळ माणसाच्या विषाणूची, शाळेतून किंवा खेळताना कुठूनतरी आलेली. (दूध काढणाऱ्यांच्या बोटांवर कधी कधी गाईच्या सडांवरून लागण होऊन गाठ येते, पण तो देवीच्या कुळातला दुसराच विषाणू.)

चामखीळ विषाणूमुळे होते हे माणसाला कळून फार काळ झालेला नाही. १९०७ साली चिउफो नावाच्या इटालियन डॉक्टरने चामखिळीचा रस असा गाळून घेतला की त्यात पेशी किंवा जिवाणू उरू नयेत, आणि त्या रसानेही चामखीळ लागते हे दाखवलं. पुढे १९३३ मध्ये शोप यांनी अमेरिकेतल्या रानटी सशांच्या अंगावरच्या शिंगांसारख्या वाढींमागेही असाच विषाणू असल्याचं दाखवलं. आणि याच कुळातल्या माणसांच्या काही विषाणूंमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो, हे दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. त्याविरुद्धची भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३च्या जानेवारीत बाजारात आणली. आपल्या वर्गातल्या मुलींनी डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारावं. ही लस लागण होण्याआधी घेतली तर उपयोगी. झालेली लागण ती घालवत नाही. गाईच्या चामखिळींपासून कुटून-गाळून, विषाणू मारून जी लस काही ठिकाणी करतात तिचंही बरंचसं असंच. उरलेल्या वासरांना वाचवायला ती बरी, आलेल्या चामखिळी घालवायला तिचा भरवसा नाही.

मग त्या इतके महिने राहतात कशा आणि एके दिवशी जातात कशा? मला हाच भाग सर्वांत आवडतो. विषाणू ओरखड्यातून कातडीच्या अगदी तळच्या थरात शिरतो आणि तिथे गप्प बसतो. पेशी मारत नाही, रक्तात उतरत नाही, सूज आणत नाही. तळच्या पेशी वाढत वर सरकतात तसा तो त्यांच्याबरोबर वर येतो, आणि ज्या थरातल्या पेशी नाहीतरी झडूनच जाणार असतात तिथे पोचल्यावर मगच आपली पिल्लावळ तयार करतो. घरात चोर शिरावा, पण त्याने एकही भांडं वाजवू नये, तसं. शरीराच्या पहारेकऱ्यांना महिनोन् महिने पत्ता लागत नाही. पण एकदा लागला की मग मानेवरच्या, खांद्यावरच्या, लहान-मोठ्या सगळ्या चामखिळी एकदम सुकायला लागतात.

आमच्याकडे तसंच झालं. चवथीची तयारी चालू होती. माटोळीचं सामान आणायला बाबा बाहेर गेले होते, आणि मी हरणीला पाणी दाखवायला गेले, तर गोठ्यात दावणीपाशी वाळलेल्या आक्रोडासारखं काहीतरी पडलं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. पंधरा दिवसांत सतराच्या सतरा गेल्या. कातडीवर थोडे दिवस गुलाबी डाग होते, मग तिथे केसही आले.

आता मोगरीचं ऐका. तिलाही जूनमध्ये चामखिळी आल्या होत्या, सात-आठ. एकच दावं दोघींना वापरायचो आणि दोघी एकाच खांबाला मान घासायच्या, मग येणारच. तिला आम्ही काही बांधलं नाही, काही लावलं नाही; हरणीच्या किड्यांनंतर माझी हिंमतच नव्हती. तिच्याही त्याच सुमारास गळाल्या. पण मोगरी नसती आणि हरणीला किडे पडले नसते, तर मी आज शपथेवर सांगितलं असतं की घोड्याच्या केसाने गुण आला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तुम्ही चुना लावा, पपईचा चीक लावा, गोळ्या द्या नाहीतर अंगारा लावा, जे शेवटचं केलं असेल त्याच्या नावावर श्रेय जमा होतं. आजीला मी हे समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

गोठ्यात करण्यासारखं थोडंच आहे. चामखिळी असलेल्या वासराचं दावं, घागरमाळ, ब्रश दुसऱ्याला वापरू नये. खांबावरचे खिळे, कुंपणाची तुटकी तार काढून टाकावी, कारण ओरखडा तिथेच पडतो. कानात बिल्ला मारायचं हत्यार किंवा शिंगं जाळायचं सामान एका वासरावरून दुसऱ्यावर नेताना धुऊन, जंतुनाशक लावून घ्यायला सांगावं. कोणी रागावलं तर रागावू दे. हा विषाणू नुसत्या स्पिरिटला फारसा भीत नाही, ब्लीचिंगच्या पाण्याला भितो. कापून काढायचीच असेल तर डॉक्टरांनीच, आणि वाढ भरात असताना नको. तेव्हा कापली तर परत येते, कधी जास्त येते. सडावर चामखीळ असेल तर मात्र थांबू नये, कारण दूध काढताना ती फाटते आणि पुढे सड खराब होतो. वर्ष उलटलं तरी गेली नाही, अंगाचा मोठा भाग भरला, किंवा जनावर खंगायला लागलं, तरीही बोलवावं. हिमालयाच्या डोंगराळ भागात नेचा खाणाऱ्या गाईंना याच विषाणूच्या साथीने मूत्राशयाचा कॅन्सर होतो आणि लाल लघवी होते. आपल्याकडे तसलं काही मी ऐकलेलं नाही, पण हे कूळ अगदीच भाबडं नाही एवढं लक्षात असावं.

फी बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून भरली. लॅपटॉप पुढच्या वर्षी आला. डिचोलीचे गृहस्थ चवथीनंतर पुन्हा टेम्पो घेऊन आले होते, या वेळी चहा प्यायले, आणि दोन हजार वाढवून देतो म्हणाले. बाबांनी हरणीच्या मानेवरून हात फिरवला आणि नको म्हटलं. ती आता दुसऱ्यांदा गाभण आहे.

बेळगावहून आलेल्या पाकिटात अजून तीन केस शिल्लक होते. ते देवाच्या फोटोमागे ठेवलेले असायचे. गेल्या महिन्यात शेजारच्या काकी आल्या, त्यांच्या वासराच्या कानामागे चामखीळ आली म्हणून. मी आतून सगळं ऐकत होते. आजी उठली, फोटोमागचं पाकीट काढलं, एक केस त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "बांध, पण पावसात बांधू नको. आणि आधी आमच्या बायला विचार."

मी बाहेर आले तोवर काकी केस पदराच्या टोकाला बांधून निघाल्या होत्या.